मोटारीचा जीर्णोद्धार

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपण येतां जातां म्हणतों; परंतु घरांतील जुन्या वस्तूंशीं आपलें वर्तन पाहिलें म्हणजे ही म्हण आपण मनापासून मानतों असें दिसत नाहीं. आजोबांचें घड्याळ बंद पडलें कीं तें माळ्यावर जातें, आणि माळा भरला कीं भंगारवाल्याच्या तराजूंत जातें. जुनी पोथी, जुनी मूर्ति, जुनें नाणें हीं जतन करावीं हें आतां बहुतेकांस पटलें आहे. पण जुनी मोटार ही देखील जतन करण्याजोगी वस्तु आहे असें म्हटलें तर लोक हंसतात. “लोखंडाचा सांगाडा तो! त्याचा कसला जीर्णोद्धार?” असा त्यांचा प्रश्न असतो. ह्या प्रश्नाचें उत्तर प्रस्तुत लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें मत असें आहे कीं, यंत्र हें मनुष्याच्या बुद्धीनें आणि हातांनीं लिहिलेलें एक प्रकारचें लेखन होय. जाणत्यास तें वाचतां येतें, त्याच्या आधारें खोट्या समजुती खोडून काढतां येतात; आणि म्हणूनच मोडकें यंत्र पुन्हा उभें करणाऱ्यावर जुनी पोथी संपादन करणाऱ्या पंडिताइतकीच सत्यनिष्ठेची जबाबदारी असते.

मत नुसतें सांगून भागत नाहीं, त्यास दृष्टांत पाहिजे. आमचा दृष्टांत ग्रेट ब्रिटनमधील ‘बॅब्ज’ नांवाच्या एका मोटारीचा आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळांत इंग्लंडांतील केंट परगण्यांत कौंट लुई झ्बोरोव्स्की नांवाचा एक धनिक तरुण राहत असे. विमानाचीं प्रचंड इंजिनें मोटारीच्या सांगाड्यावर बसवावींत आणि त्या मोटारी शर्यतींत पळवाव्या, हा त्याचा नाद. त्याच्या एका मोटारीस ‘चिटी बँग बँग’ असें गमतीचें नांव होतें. इयान फ्लेमिंग ह्या लेखकाची १९६४ सालीं प्रसिद्ध झालेली मुलांची गोष्ट त्यावरूनच सुचलेली आहे. ह्याच कौंटानें आणखी एक मोटार बांधिली, आणि तिच्यावर अमेरिकेंत १९१७ सालीं युद्धाच्या विमानांसाठीं निर्माण झालेलें ‘लिबर्टी’ इंजिन चढविलें. त्या इंजिनास बारा सिलिंडर असून त्याचें एकूण माप सुमारें २७ लिटर होतें. आज आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या लहान मोटारीचें इंजिन एक ते सव्वा लिटराचें असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या राक्षसी यंत्राची कल्पना येईल. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत पोंचविण्यासाठीं दोन बाजूंस दोन साखळ्या होत्या. सायकलीस असते तशाच, पण कितीतरी अधिक दणकट.

१९२४ सालीं इटलींतील मोंझा येथील शर्यतींत झ्बोरोव्स्की अपघातांत मरण पावला. त्याची ही मोटार जॉन गॉडफ्रे पॅरी-थॉमस ह्या वेल्श इंजिनियरानें १२५ पौंडांस विकत घेतली. थॉमस हा पूर्वीं लेलँड कंपनीचा मुख्य इंजिनियर होता. त्यानें इंजिनांत स्वतःच्या आंखणीचे दट्टे बसविले, चार नवे कार्बुरेटर लाविले आणि मोटारीस ‘बॅब्ज’ असें लाडकें नांव दिलें. दक्षिण वेल्समध्यें पेंडाइन गांवापाशीं समुद्राकांठीं सुमारें सात मैल लांबीचें सपाट वाळवंट आहे. तेथें २८ एप्रिल १९२६ रोजीं त्यानें ही मोटार ताशीं १७१ मैलांच्या, म्हणजे सुमारें २७५ किलोमीटरांच्या वेगानें चालविली, आणि जमिनीवरील वेगाचा जागतिक विक्रम आपल्या नांवें केला.

विक्रम हा पाहुण्यासारखा असतो. तो फार दिवस एका घरीं राहत नाहीं. १९२७ च्या फेब्रुवारींत माल्कम कॅम्बेल ह्यानें त्याच वाळूवर ‘ब्लू बर्ड’ ही आपली मोटार ताशीं सुमारें १७५ मैल वेगानें पळविली. गेलेला मान परत मिळविण्यासाठीं थॉमस ३ मार्च १९२७ रोजीं पुन्हा पेंडाइनला उतरला. भरधाव वेगांत असतां बॅब्ज उलटली आणि थॉमस जागच्या जागीं ठार झाला. जमिनीवरील वेगाच्या विक्रमापायीं प्राणास मुकलेला तो पहिला चालक होय. पुढें त्याच महिन्याच्या २९ तारखेस हेन्री सेग्रेव्ह ह्यानें अमेरिकेंतील डेटोना येथें ताशीं २०३ मैलांचा पल्ला गांठला. ज्या विक्रमासाठीं थॉमसनें प्राण वेंचले, तो त्याच्या हातीं लागला असता तरी बहुधा महिनाभरही टिकला नसता! कीर्तीच्या पाठीं लागणाऱ्यांनीं ह्याचा अवश्य विचार करावा.

अपघाताची न्यायचौकशी आटोपल्यावर ती मोडकी मोटार तेथेंच किनाऱ्यावरील वाळूच्या टेंकाडांत पुरण्यांत आली. त्यावर एक पिढी गेली, दुसरें महायुद्ध होऊन गेलें, मुलें म्हातारीं झालीं. अखेर १९६९ सालीं उत्तर वेल्समधील बँगोर येथें यंत्रशास्त्र शिकविणारे एक अध्यापक, ओवेन विन ओवेन, ह्यांनीं ती मोटार उकरून काढण्याची परवानगी मिळविली. बेचाळीस वर्षांनीं बॅब्ज पुन्हा उजेडांत आली. त्यापुढें सुमारें पंधरा वर्षें खपून विन ओवेन ह्यांनीं ती उभी केली, इतकेंच नव्हे तर तिचें इंजिनही पुन्हा चालू केलें. पेंडाइन येथील संग्रहालयांत आणि इंग्लंडांतील ब्रुकलँड्स येथें ती पुढें असंख्य लोकांनीं पाहिली.

परवानगी मिळाली ती वाद झाल्यावांचून नव्हे; आणि तो वाद आमच्या मतें पोरकट नव्हता. आक्षेप घेणाराची बाजू आम्ही अशी मांडूं: एका शूर पुरुषाचा जेथें अंत झाला तेथें त्याच्या मोटारीस लोकांनीं मूठमाती दिली. ती एक प्रकारची समाधिच झाली. समाधि उकरून तींतील हाडें झळझळीत रंगवून लोकांपुढें मांडणें हें मृताच्या आदरास शोभतें काय? आपल्याकडेही मृताची वस्तु वापरूं नये, ती त्याच्याबरोबर जाऊं द्यावी, अशी भावना आहेच. तिला केवळ अडाणीपणा म्हणून उडवून लावणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

तथापि आमचा कौल विन ओवेन ह्यांच्या बाजूनें आहे, आणि त्याचीं कारणें दोन आहेत. पहिलें असें कीं, थॉमस त्या वाळूंत नव्हताच. त्याचा देह ब्रुकलँड्सजवळील बायफ्लीट गांवच्या चर्चच्या आवारांत विधिपूर्वक विसांवला आहे, आणि त्याला कोणीं हात लाविला नाहीं. वाळूंत होतें तें त्याचें काम. मनुष्याच्या देहास शांति हवी, हें खरें. पण त्याच्या कामास शांति नको, त्याला वाचक हवा. एखाद्या कवीच्या दुःखद मृत्यूनंतर त्याची वही त्याच्याबरोबर पुरली, तर आदर झाला म्हणावें कीं हानि झाली म्हणावी?

दुसरें कारण याहून महत्त्वाचें आहे. थॉमसच्या मृत्यूविषयीं लोकांत एक कथा रूढ झाली होती. त्या उघड्या साखळ्यांपैकीं एक वेगांत तुटली, उसळून वर आली आणि तिचा तडाखा त्याच्या मस्तकास बसला, असें सर्वत्र सांगितलें जाई. कथा भयंकर, आणि म्हणूनच लोकांच्या तोंडीं घोळणारी. परंतु सांगाडा हातीं येऊन त्याची तपासणी झाली तेव्हां निराळाच संभव पुढें आला: अनर्थाचा आरंभ मागच्या उजव्या चाकाच्या बिघाडापासून झाला असावा, साखळीपासून नव्हे. बेचाळीस वर्षें जी गोष्ट निर्विवाद मानिली जात होती, ती लोखंडाच्या साक्षीनें विवाद्य ठरली. माणसें गेलीं, त्यांच्या आठवणी पुसट झाल्या. मोडलेलें चाक मात्र मोडलें तसेंच राहिलें होतें. त्या मोटारीला कोणीं पूर्वींच भट्टींत घातलें असतें, तर ही साक्ष कायमची बुडाली असती. म्हणून आम्ही म्हणतों कीं, मृताचा खरा आदर त्याच्याविषयींचें सत्य शोधण्यांत आहे, आणि तें सत्य कधीं कधीं वाळूंत हात घालूनच शोधावें लागतें.

येथवर आमच्याशीं सहमत होणाऱ्या वाचकांसही पुढील प्रश्न अडवील. वाळूंतून निघालेली वस्तु गंजलेली, फुटलेली. ती कितपत दुरुस्त करावी? पदार्थविज्ञानाच्या वर्गांत तांब्याची व जस्ताची पट्टी सौम्य आम्लांत बुडवून विद्युत्प्रवाह उत्पन्न करून दाखवितात, तो प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्यांत जस्त झिजत जातें व तांबें शाबूत राहतें. खाऱ्या ओलाव्यांत पोलाद आणि अॅल्युमिनियम एकमेकांस लागून राहिले म्हणजे तसाच घट तयार होतो, आणि त्यांत बळी जातो तो अॅल्युमिनियम. लिबर्टी इंजिनाचे सिलिंडर पोलादाचे, आणि मुख्य दांडा जींत फिरतो ती पेटी अॅल्युमिनियमची. समुद्राकांठच्या वाळूंत अशा यंत्राचें काय होत असेल, हें वेगळें सांगावयास नको. अर्थात् कांहीं भाग वांचविणें शक्य असतें आणि कांहीं नव्यानें घडवावेच लागतात. जितकें नवें घालावें तितकी मोटार चालण्यास योग्य होते. पण तितकीच ती जुनी राहत नाहीं. हा पेंच प्रत्येक जीर्णोद्धारांत असतो.

आपल्या गांवोगांवच्या देवळांचे जीर्णोद्धार आठवा. हेमाडपंती देवळाच्या कोरीव दगडावर भाविक लोक मोठ्या श्रद्धेनें पिवळा-निळा तैलरंग फासतात. देऊळ लखलखतें, वर्गणीदारांच्या नांवांची पाटी लागते, आणि कारागिराच्या छिन्नीची रेघ न् रेघ रंगाखालीं बुजून जाते. भाव खोटा नसतो, पण हात अडाणी असतो. मोटारींच्या बाबतींतही असे भक्त कमी नाहींत. जुना पत्रा काढून नवा ठोकला, कातड्याच्या जुन्या बैठका फेंकून नव्या शिवल्या, आरशासारखा रंग दिला. मग जुनें काय राहिलें? नांव आणि नंबर! अशा मोटारीस सुंदर म्हणतां येईल, खरी म्हणतां येणार नाहीं.

उलट टोकाचेंही एक उदाहरण आहे. स्वित्झर्लंड आणि इटली ह्यांच्या सीमेवरील माज्जोरे सरोवराच्या तळाशीं १९२५ सालची एक बुगाटी मोटार सत्तरांहून अधिक वर्षें पडून होती. १९६७ सालीं एका पाणबुड्यास ती सुमारें ५३ मीटर खोलीवर दिसली, आणि जुलै २००९ मध्यें ती वर काढण्यांत आली. १९२५ सालची ती गाडी एका बाजूनें पार गळून गेलेली होती. जानेवारी २०१० मध्यें पॅरिस येथील लिलांवांत तिला दोन लक्ष साठ हजार युरोंहून अधिक किंमत आली. आणि ती घेणाऱ्या अमेरिकन संग्राहकानें तिला रंगाचा एक हातही न देतां, जशी निघाली तशीच, कॅलिफोर्नियांतील आपल्या संग्रहालयांत मांडली. सरोवरानें तिच्यावर जें लिहिलें होतें तेंच तिचें वैशिष्ट्य, असा त्यानें विचार केला; आणि आम्हांस तो मान्य आहे. अशा मोटारी पुष्कळ बनल्या, पण सत्तर वर्षें पाण्याखालीं राहिलेली ती एकच. बॅब्जची गोष्ट वेगळी. ती धांवण्यासाठींच जन्मली होती, आणि तिचें इंजिन कसें गर्जत असे हें तें चालविल्यावांचून कळणार नव्हतें. एकीस हात लावणें योग्य, दुसरीस न लावणें योग्य. नियम एक नाहीं. मात्र ‘ही वस्तु आपणांस काय सांगते, आणि आपल्या हातून तें पुसलें तर जाणार नाहीं ना?’ हा विचारण्याचा प्रश्न दोन्ही ठिकाणीं एकच आहे.

ज्या वेळीं नवा भाग घालणें अटळ असेल त्या वेळीं काय करावें, ह्याचें उत्तर आमच्या आजीच्या गोधडीनें फार पूर्वींच दिलें आहे. गोधडीचें ठिगळ हें ठिगळ म्हणूनच दिसतें. हें लुगडें कोणाचें, हें धोतर कोणाचें, हें आजी बोट ठेवून सांगते. त्यांत लाज नाहीं आणि लपवाछपवीही नाहीं. जुन्या वाहनांच्या रक्षणासाठीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघानें आपल्या ‘ट्यूरिन सनदें’त जवळजवळ हेंच सांगितलें आहे: मूळचें जितकें राखतां येईल तितकें राखावें, केलेल्या कामाची नोंद ठेवावी, आणि बदललेल्या भागांवर टिकाऊ खूण करावी, म्हणजे पुढच्या पिढीस जुनें कोणतें व नवें कोणतें हें ओळखतां येईल. आपल्या देशांतही जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या मोटारींविषयीं नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांस त्यांत वेगळें स्थान दिलें असून त्यांच्या नंबरांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. सांगाडा, आवरण किंवा इंजिन ह्यांत मोठे फेरफार केलेल्या गाडीस हा मान नाहीं. कायद्यानेंही वयाबरोबर खरेपणाची अट घातली, ही समाधानाची गोष्ट होय.

कोणी म्हणेल, हे सर्व श्रीमंतांचे चोचले आहेत. शिकून पोट भरावयाचें सोडून मुलांनीं गंजलें लोखंड घांसावें काय? लिलांवांतील किंमती पाहिल्या म्हणजे असें वाटणें साहजिक आहे. परंतु बॅब्ज ज्यानें वांचविली तो संस्थानिक नव्हता, शिक्षक होता. त्याचें भांडवल म्हणजे विद्या, हात आणि पंधरा वर्षांचा धीर. आणि प्रत्येक जुनी मोटार वांचवावी असेंही आम्ही म्हणत नाहीं. एका सांच्याच्या लाखों मोटारींपैकीं बहुतेक भट्टींत जाऊन नव्या लोखंडाच्या रूपानें जन्मास येतात, तें योग्यच आहे. पण जिच्यापासून कांहीं शिकावयाचें राहिलें आहे, ती तशी जाऊं नये.

आमच्या विद्यार्थ्यांसाठीं ह्या कामांत जो धडा आहे तो आम्हांस कोणत्याही पाठ्यपुस्तकांतील धड्याहून कमी वाटत नाहीं. जुनें यंत्र खोलणारा चांगला मिस्त्री प्रथम पाना उचलीत नाहीं, प्रथम पाहतो. प्रत्येक भाग कोठें व कसा बसला आहे ह्याचें चित्र काढतो, काढलेल्या प्रत्येक नटास चिठ्ठी बांधतो, आणि एका जागचे बोल्ट एका डब्यांत ठेवितो. गंजलेला बोल्ट हलत नसेल तर त्यावर तेल सोडून रात्रभर वाट पाहतो. हातोडा मारून तो दोन मिनिटांत निघेल, पण तो निघेल तुकड्यांनीं, आणि त्याबरोबर मूळचा आटाही जाईल. उतावीळपणा आणि गर्व हे दोन्ही दोष लोखंड क्षणांत उघडे पाडतें. परीक्षेंत चुकलेलें उत्तर एखादे वेळीं परीक्षकाच्या नजरेंतून सुटेल. चुकीचा बसविलेला भाग इंजिनाच्या नजरेंतून सुटत नाहीं.

पालकांसही आमची एक विनंति आहे. हात काळे करणारें काम हलकें, आणि हात पांढरे ठेवणारें काम थोर, ही समजूत आपल्या घरांत अजून ठाण मांडून बसली आहे. मुलगा किंवा मुलगी बंद पडलेलें घड्याळ उघडून बसली कीं, “अभ्यास सोडून हे काय उद्योग!” असा गजर होतो. तो कृपा करून थांबवावा. थॉमस, विन ओवेन आणि त्यांच्यासारखे सर्व लहानपणीं कोणत्या ना कोणत्या यंत्राचे स्क्रू हरवूनच शिकले असतील. नासलेल्या एका घड्याळाची किंमत फार नाहीं. नासलेल्या जिज्ञासेची फार आहे.

तरी येत्या सुटींत आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकानें एवढें करून पाहावें. माळ्यावर एखादी जुनी शिवणाची कळ, एखादें किल्लीचें घड्याळ, आजोबांची सायकल असेल. विजेवर चालणारें यंत्र मात्र जाणत्या माणसावांचून उघडूं नये. वडील मंडळींची परवानगी घेऊन ती वस्तु खालीं आणावी, पुसावी, आणि प्रथम तिचें चित्र काढावें. ती कोणीं घेतली, कशासाठीं वापरली, केव्हां व कशी बंद पडली, हें घरांतील वृद्धांस विचारून चित्राखालीं लिहावें. मग पाना हातीं घ्यावा. यंत्र चालू झालें तर उत्तमच. न झालें तरी घराच्या इतिहासाचें एक पान वाळूखालून वर येईल, आणि तें वाचणारे आपण पहिले असूं.